लसीची गाठ शाळेच्या दाराला बांधू नका

डिसेंबर २०२१

नाशिकच्या सिडको भागातून एका आईचे पत्र आले आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश येथे देत आहे. घरात त्या, त्यांचे यजमान, सासूबाई, साडेसहा वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी आहे. मुलगा पहिलीत आहे, पण पहिलीचा वर्ग त्याने अजून पाहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो ज्युनिअर केजीत होता. त्याआधीच्या दोन्ही हिवाळ्यांत सर्दी झाली की त्याला धाप लागायची आणि दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागायची. घरी बसल्यापासून तो त्रास झालेला नाही. शहरातले पहिली ते सातवीचे वर्ग १ डिसेंबरला सुरू होणार होते, तेवढ्यात ओमिक्रॉनची बातमी आली आणि महापालिकेने तारीख पुढे ढकलली. शाळेचे संमतिपत्र सही न करता घरात पडून आहे. त्यांच्या डॉक्टरांनी मुलाला फ्लूची लस द्यायला सुचवले आहे. यजमानांचे म्हणणे असे, की मुलांसाठी कोविडची लस आल्याशिवाय शाळेचे नाव काढायचे नाही, आणि फ्लूच्या लसीवर दोन-दोन डोसांचा खर्च कशाला, कारण अंबडच्या कारखान्यातला त्यांचा ओव्हरटाइम अजून बंदच आहे. शेजारच्या काकू सांगतात की त्या इंजेक्शनानेच फ्लू होतो. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांनी मार्चमध्ये कोविशील्डचा पहिला डोस घेतला, पण नंतर घाबरून दुसरा घेतलाच नाही. पत्राच्या शेवटी या आई विचारतात, ‘फ्लूची लस दिली तर मी मुलाला बिनधास्त शाळेत पाठवू शकते का? आणि नाही दिली तर घरीच ठेवू का?’

प्रिय ताई,

तुमच्या भीतीला मी वेडी भीती म्हणणार नाही. याच शहरात २१ एप्रिलला झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले, आणि त्या दिवसांत नाशकात प्रत्येक घराने कोणाला ना कोणाला खाटेसाठी, सिलिंडरसाठी धावाधाव करताना पाहिले आहे. त्या शहरातल्या आईचा हात संमतिपत्रावर सही करताना थबकला, तर त्यात नवल नाही. मात्र तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला असे वाटले, की तुम्ही चार वेगवेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधले आहेत आणि म्हणून ती गाठ सुटत नाही. फ्लूची लस द्यावी का, शाळेत पाठवावे का, कोविडची लस येईपर्यंत थांबावे का आणि सासूबाईंना कसे जपावे, या चारही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्र आहेत.

फ्लूच्या लसीपासून सुरुवात करू. ही लस इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंपासून संरक्षण देते, कोविडपासून नाही. फ्लूची लस घेतलेल्यांना कोविडचा त्रास कमी होतो, असे सांगणारे संदेश तुमच्याही फोनवर आले असतील. काही निरीक्षणांत तसा कल दिसला आहे, पण लस नियमित घेणारी माणसे एरवीही स्वतःची काळजी अधिक घेतात, त्यामुळे तेवढ्यावरून लसीला श्रेय देता येत नाही. मग या वर्षी राज्याच्या बालरोगतज्ज्ञांच्या कृतिगटाने पावसाळ्यापूर्वी लहान मुलांना फ्लूची लस देण्याची शिफारस का केली? फ्लू आणि कोविड यांची सुरुवात सारखीच दिसते. ताप, खोकला, अंगदुखी. फ्लूचे रुग्ण जितके कमी, तितक्या घरांत ‘हे तेच तर नाही ना?’ ही धास्ती कमी, तपासण्यांसाठीची धावपळ कमी आणि रुग्णालयांवरचा भार कमी. कारण एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे; तिला कोविडची ढाल ठरवण्याची गरज नाही.

ही लस म्हणजे शंभर टक्के कवच, असेही समजू नका. ज्या वर्षी लसीतले विषाणू आणि फिरणारे विषाणू जुळतात, त्या वर्षी डॉक्टरांकडे जावे लागेल इतका फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. न जुळल्यास त्याहून कमी. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते, आणि म्हणूनच ही लस दर वर्षी घ्यावी लागते. २००९ मध्ये ज्या स्वाईन फ्लूने जगाला हादरवले, ज्याचा देशातला पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला आणि ती शाळेत जाणारी मुलगी होती, तो एच१एन१ आज या नेहमीच्या लसीतला एक घटक आहे. तेव्हाही पुण्यात शाळा बंद झाल्या होत्या. विषाणू गेला नाही, तो आपल्यातच राहिला. त्याच्यासोबत जगण्याची साधने मात्र आपण तयार केली.

शेजारच्या काकूंचे म्हणणे रागाने झटकून टाकू नका, कारण त्यांनी काहीतरी पाहिलेले असते. आपल्याकडे मुलांना जे इंजेक्शन देतात त्यातला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे त्यातून फ्लू होणे शक्य नाही. दंड दुखतो, जागा लाल होते, एखाद-दोन दिवस बारीक ताप येतो. शिवाय संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्या पंधरवड्यात मुलाला दुसरी कुठली सर्दी झाली की बोट इंजेक्शनाकडे जाते. मुलाला पूर्वी एखाद्या लसीने किंवा अंड्याने तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर ते मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट. तुम्ही संपूर्ण पत्रात फ्लूच्या लसीचा विचार फक्त मुलासाठी केला आहे, कारण बाहेर तो जाणार. तुमची अडीच वर्षांची लेक या हिशेबात कुठेच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही लस सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सर्व मुलांसाठी सुचवली आहे, कारण याच वयात फ्लू छातीत उतरण्याचा आणि रुग्णालयात न्यावे लागण्याचा धोका जास्त असतो. मुलगा वयाने त्या गटाबाहेर गेला असला, तरी धाप लागण्याच्या इतिहासामुळे तो जोखमीच्या गटात येतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे, फक्त तो दोन्ही मुलांना लागू होतो. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या नऊ वर्षांखालच्या मुलांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दर वर्षी एक डोस, असा क्रम आहे.

दोन मुलांचे चार डोस म्हणजे कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या पगारात मोठे भगदाड, आणि ही लस सरकारच्या नियमित मोफत लसीकरणात नाही. म्हणून यजमानांचा प्रश्न कंजूषपणाचा नाही, रास्त आहे. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि दुसरी, लहान लाट थंडीच्या शेवटी येते. त्यामुळे पैशांची ओढाताण असेल, तर मी असे सुचवीन: मुलाला आजही श्वासाचा पंप किंवा वाफ लागत असती तर त्याला आत्ताच लस द्या म्हटले असते, पण पावणेदोन वर्षांत त्याला धाप लागलेली नाही, तेव्हा एप्रिल-मेपर्यंत थोडे थोडे पैसे बाजूला टाकून पावसाळ्याच्या तोंडावर दोघांनाही ताजी लस द्यायची, हा निष्काळजीपणा ठरत नाही. एकालाच आत्ता देणे जमणार असेल, तर धाकटीला द्या. जेव्हा द्याल तेव्हा डॉक्टरांना खोके दाखवायला सांगा. त्यावर ती कोणत्या गोलार्धाची आणि कोणत्या वर्षाची लस आहे ते छापलेले असते, शेवटची तारीखही असते. लस फ्रिजमधून तुमच्यासमोर काढलेली असावी आणि तिची नोंद कार्डावर झालेली असावी. हे विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही. मला तरी विचारणाऱ्या आया आवडतात.

पण फ्लूच्या लसीआधी एक काम करा. आजच कपाटातून दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डे काढा. तुमचा मुलगा २०२० च्या मध्यावर पाच वर्षांचा झाला, म्हणजे त्रिगुणी लसीचा पाचव्या वर्षीचा बूस्टर त्याला नेमका टाळेबंदीत मिळायचा होता. गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे आलेल्या या वयाच्या कितीतरी मुलांच्या कार्डावर तो एकच रकाना कोरा आहे. वर सगळ्या तारखा ओळीने, निळ्या शाईत, आणि तळाशी एक रिकामी चौकट. आयांना ठाऊकही नसते, कारण त्या दिवसांत दवाखान्यात पाऊल टाकायचीच भीती होती. हा बूस्टर घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातापासून वाचवतो, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतो आणि सात वर्षे पूर्ण होण्याच्या आत घ्यायचा असतो, म्हणजे तुमच्या हातात थोडेच महिने आहेत. धाकटीचेही पाहा: सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा पहिला बूस्टर झाला आहे का? राहिला असेल तर उशिरा का होईना, देता येतो. विकतच्या लसीवर घरात महिनाभर वाद आणि मोफतची लस कार्डावर राहून गेलेली, असे आपल्या घरांत फार होते.

यजमानांची अट आता पाहू. मुलांसाठी कोविडची लस आल्याशिवाय शाळा नाही, ही अट ऐकायला सावध वाटते, पण तिच्या पोटात दोन गृहीतके आहेत. एक म्हणजे घरात मूल सुरक्षित आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या वर्षी जून-जुलैमध्ये देशभर रक्ताचे नमुने तपासले, त्यात आपले शेजारचे जळगाव आणि अहमदनगर हे जिल्हेही होते. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के मुलांच्या आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे आढळली. या मुलांना लस मिळालेली नव्हती आणि सव्वा वर्ष बहुतेकांच्या शाळा बंदच होत्या, म्हणजे संसर्ग त्यांना घरात, वस्तीत, लग्नकार्यात, मोठ्यांकडून झाला. दुसरे गृहीतक असे, की लस नसेल तर लहान मुलाला कोविड मोठ्या माणसाइतकाच धोक्याचा. तसे नाही. बहुतेक मुलांत तो सौम्य राहतो. कोविडनंतर काही आठवड्यांनी ताप, पुरळ आणि पोटदुखी घेऊन येणारा गंभीर आजार असतो, मी तो पाहिला आहे, पण तो विरळा आहे आणि वेळेत ओळखला तर आटोक्यात येतो. याच कारणाने परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी जुलैमध्ये सांगितले होते, की शाळा उघडायच्याच असतील तर प्राथमिक वर्गांपासून उघडणे शहाणपणाचे ठरेल, आणि शिक्षकांचे व कर्मचाऱ्यांचे लसीकरण झालेले असावे. तुमच्या मुलाच्या वयासाठी आज देशात कोविडची लस दिली जात नाही. जी तारीख कोणालाच सांगता येत नाही, तिच्यावर मुलाचे आणखी एक शैक्षणिक वर्ष टांगून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ओमिक्रॉनचे चित्र अजून स्पष्ट व्हायचे आहे, आणि उद्या परिस्थिती बिघडली तर शाळा पुन्हा बंद होतील. तेव्हा तुम्हीही थांबा. पण शाळेचे दार उघडे असताना मुलाला आत सोडायचे की नाही, हे आजच्या माहितीवर ठरवावे लागते.

घरी बसल्याची किंमतही त्याच तराजूत घाला. पहिली ही काही पुढे भरून काढता येईल अशी इयत्ता नाही. अक्षर पाटीवर गिरवताना बाईंनी हात धरायचा असतो, शेजारच्याची रेघ पाहून आपली रेघ सुधारायची असते. गेल्या महिन्यात माझ्याकडे पहिलीतला एक मुलगा आला होता. वाचता येते का विचारल्यावर त्याने पूर्ण धडा घडाघडा म्हटला, आणि मी मधल्या एका शब्दावर बोट ठेवले तेव्हा तो गप्प झाला. आईच्या फोनवरचा धडा त्याने ऐकून ऐकून पाठ केला होता. त्याची आई रडवेली झाली; तिने खूप मेहनत घेतली होती. जानेवारीत अझीम प्रेमजी फाउंडेशनने पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या मुलांची पाहणी केली, त्यात ९२ टक्के मुले भाषेतले किमान एक आधी येत असलेले कौशल्य विसरलेली आढळली. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण दवाखान्यात मला जे दिसते ते याहून वेगळे नाही.

‘घरी बसल्यापासून धाप लागली नाही’ या तुमच्या वाक्याचा अर्थ मी थोडा निराळा लावते. सर्दीच झाली नाही म्हणून धाप लागली नाही. शिवाय वय वाढते तशी अनेक मुलांची ही धाप कमी होतेच. शाळेत गेल्यावर त्याला सर्दी होणार आहे. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हे नेहमीचे आहे, आणि दोन वर्षे मुले एकमेकांत मिसळलेली नाहीत. पहिली सर्दी आली की ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ असे घरात कोणी म्हणू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवते. शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना भेटून धाप लागली तर काय करायचे, पंपाचे किती झोत आणि कधी, हे कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत वर्गशिक्षिकेला द्या. मुलाला शांत असताना मिनिटाला तीसहून अधिक श्वास लागत असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तो पाणीही पीत नसेल, गुंगीत असेल किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला असेल, तर रात्र असो की दिवस, थांबू नका. ताप आहे म्हणून घरातली ॲस्पिरिनची गोळी मुलांना कधीही देऊ नका.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एकदा शाळेत जाऊन या. सॅनिटायझरची बाटली फाटकापाशी असतेच, ती पाहून परत येऊ नका. वर्गाच्या खिडक्या पाहा. डिसेंबरात नाशिकची सकाळ बोचरी असते आणि शाळा आपल्या मायेपोटीच खिडक्या लावून घेतात. पण याच दिवसांत त्या उघड्या हव्यात, मुलाला आत एक स्वेटर जास्त घाला. डबा कुठे खातात ते विचारा, कारण दिवसात मास्क निघतो तो डबा खाताना. मैदानात किंवा व्हरांड्यात बसवत असतील तर फार चांगले. शिक्षकांचे, मावशींचे, रिक्षाकाकांचे दोन्ही डोस झाले आहेत का? आणि रिक्षात किती मुले? वर्गात एका बाकावर एक मूल आणि रिक्षात मांडीवर मांडी, याला काही अर्थ नाही. यजमानांची पाळी दुपारची असेल त्या आठवड्यांत त्यांनीच सोडावे. मास्कचे दोन जोड दप्तरात ठेवा; ओला झालेला मास्क मुले तसाच लावून बसतात.

आणखी एक गोष्ट तुम्हालाच नव्हे, हे वाचणाऱ्या सगळ्या पालकांना कळकळीने सांगते. सकाळी मुलाचे अंग गरम लागले, तर तापाचे औषध पाजून त्याला शाळेत पाठवू नका. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तेव्हाच पाठवा, आणि तापासोबत घरात किंवा वर्गात कोविडचा रुग्ण असेल तर तपासणी करा. शाळांनीही या वर्षी पूर्ण हजेरीची बक्षिसे बंद करावीत. त्या प्रशस्तिपत्रकासाठी तापाने फणफणलेली मुले बाकावर बसलेली मी पाहिली आहेत.

उरल्या सासूबाई. तुमच्या घरात आज सर्वांत उघडे दार आहे ते त्यांचे, मुलाचे नाही. मधुमेह, उतारवय आणि एकच डोस. मूल शाळेत गेले नाही तरी यजमान रोज अंबडला जातात, भाजी आणायला कोणीतरी जातेच. विषाणूला घरात यायला पहिलीचा वर्ग लागत नाही. कोविशील्डचा दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनंतर घ्यायचा असतो, त्यांचे ते दिवस केव्हाच उलटून गेले आहेत. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घेतला की झाले. नोव्हेंबरपासून ‘हर घर दस्तक’ मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघर येत आहेत. आशाताई आल्या तर त्यांना आत बोलवा, सासूबाईंसमोर बसवा आणि त्यांची भीती त्यांना स्वतःलाच बोलू द्या. बहुधा एप्रिलमध्ये त्यांच्या ओळखीतले कोणीतरी लस घेतल्यावर गेले असेल. त्या माणसाचे नाव त्यांच्या तोंडून निघाले, की पुढचे बोलणे सोपे होते.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात आले आहे, कदाचित तुमच्या लक्षातही नसेल: ‘त्याला समजावून ठेवले आहे की तू शाळेत गेलास तर आजीला आजार होईल, म्हणून तो आता स्वतःच नको म्हणतो.’ ताई, हे थांबवा. साडेसहा वर्षांचे मूल या वाक्याचा अर्थ सावधगिरी असा लावत नाही; त्याच्या मनात एवढेच उरते, की आजीला काही झाले तर ते माझ्यामुळे. आजीला साधा खोकला आला तरी ते पांघरुणात तोंड खुपसून बसेल आणि तुम्हाला कारण सांगणार नाही. त्याला करता येईल एवढेच काम द्या: शाळेतून आला की साबणाने हात धुवायचे, कपडे बदलायचे, मग आजीजवळ. नाक वाहत असेल त्या दिवसांत आजीजवळ झोपायचे नाही, गोष्ट मात्र पलीकडच्या पलंगावरून ऐकायची. आणि दुसरा डोस घेऊन आल्यावर सासूबाईंनी स्वतः त्याला जवळ घेऊन सांगावे, की माझी लस झाली, आता तू शाळेत जा आणि रोज घरी येऊन मला काय शिकलास ते सांग. हे तुम्ही सांगून भागणार नाही, त्यांच्याच तोंडून आले पाहिजे, आणि शाळेच्या आदल्या रात्रीपर्यंत त्यासाठी थांबू नका.